हंड्यातली अरादिया

"हिला नैवेद्य कशाचा दाखवतात ते विचार," आई म्हणाली.

अक्रोडाखाली एका देवीच्या मूर्तीभोवती सात जण गोल करून उभे होते. सगळ्यांच्या अंगात पायघोळ पांढरे झगे. खरं तर या विधीला अंगावर काहीच घालायचं नसतं, असं त्यांची म्होरकी लोरेदाना हिने मला आधी सांगितलं होतं. पण नगरपालिकेने परवानगी देताना 'वस्त्रांसह' अशी अट घातली होती. लोरेदाना नेपल्समध्ये दातांची डॉक्टर होती. बाकीच्यांत एक कर अधिकारी, दोन शिक्षिका आणि एक चष्म्याचा दुकानदार. सूर्य मावळत होता आणि पौर्णिमा असल्याने त्याच वेळी समोरच्या टेकडीमागून चंद्र वर येत होता.

"चंद्रकोरीसारख्या बिस्किटांचा," मी विचारून आईला सांगितलं. "पीठ, मध, मीठ आणि वाइन घालून करतात."

"मध आणि मीठ एकत्र? असेल बाई. नवरा?"

"कोणाचा?"

"देवीचा गं."

मी लोरेदानाला विचारलं. तिने दोन्ही हात चंद्राकडे केले. "अरादिया कोणाचीही नाही. ती मुक्त आहे!"

"लग्न झालेलं नाही," मी आईला सांगितलं.

"आणि आईबाप?"

"आई चंद्राची देवी, दियाना. वडील म्हणजे प्रकाश घेऊन फिरणारे एक देवदूत होते. पुढे त्यांचं नाव खराब झालं."

"होतं तसं एखाद्याचं. मग?"

"आईने तिला पृथ्वीवर पाठवलं. जमीनदार लोकांना छळत होते, म्हणून गरिबांना मंत्रतंत्र शिकवायला. शिकवून झालं आणि ती परत आईकडे गेली."

आईने माझ्याकडे पाहिलं. "गेली परत?"

"हो."

"गुणाची पोर." आईने खांद्यावरची शाल सारखी केली. "म्हणजे आपली गौरच की. येते, राहते, जाते. थांब, माझ्या बॅगेत खण आहे. मोकळ्या हाताने कशी पाठवायची?"

याला आता बरीच वर्षं झाली. बेनेव्हेंतो हे दक्षिण इटलीतलं गाव चेटकिणींसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका अक्रोडाखाली त्या जमत, अशी शेकडो वर्षांची समजूत. लोरेदानाचा गट स्वतःला त्यांचाच वारसदार म्हणवून घेई. तो अक्रोड नेमका कुठे होता ते कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे आसपासची बरीच गावं आपापला अक्रोड पुढे करतात. मी राहायचे त्या खेड्याने माझ्या घरमालकिणीच्या अंगणासमोरचा केला होता. मी झाडांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करत होते, आणि त्या झाडाच्या मुळांना बुरशी लागली होती. झाडाखाली शाळेची बस थांबे. झाड ठेवायचं की पाडायचं, याबद्दल नगरपालिकेने आमच्या विभागाचं मत मागितलं आणि विभागाने ते काम माझ्याकडे दिलं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

आई तीन महिन्यांसाठी मिरजेहून आली होती. बाबा गेल्यानंतर तिने घराबाहेर टाकलेलं हे पहिलं पाऊल. शुक्रवारी तिचं परतीचं विमान होतं. पुढच्या आठवड्यात बाबांचं वर्षश्राद्ध, आणि माझा भाऊ श्रीरंग रोज फोन करून भटजींची, केळीच्या पानांची आणि जेवायला येणाऱ्यांची खबर देत होता.

घरमालकीण अस्सुंता पंचाहत्तरीची होती आणि नेमाने चर्चला जाणारी. यानारा, म्हणजे तिथली चेटकीण, घरात शिरू नये म्हणून ती रोज दाराशी खराटा उभा करून ठेवी. यानारा आली की तिला आधी खराट्याच्या काड्या मोजाव्याच लागतात, आणि तोवर उजाडतं. लोरेदानाने हा खराटा पाहिला आणि अस्सुंता पिढीजात चेटकीण असून ते लपवते आहे, असं तिचं मत झालं. अस्सुंता हे ऐकून तीनदा थुंकली. लोरेदाना माझ्या कानात म्हणाली, "पाहिलंस? तीनदा."

तर आईने अरादियाची ओटी भरली. मूर्ती हातभर उंचीची होती. लोरेदानाने दातांचे साचे करायच्या प्लास्टरमधून ती स्वतःच्या दवाखान्यात घडवली होती. देवी किंचित हसत होती आणि तिचे दात अतिशय नीटस होते. सगळ्यांनी हात धरले आणि लोरेदाना मोठ्याने बोलू लागली.

"काय म्हणतेय?" आईने विचारलं.

"झाड वाचव म्हणतेय. नाही वाचवलंस तर तुला झोप लागणार नाही, चैन पडणार नाही, असं चाललंय."

"धमकी देतेय देवीला?"

"तशीच पद्धत आहे त्यांच्यात."

मला वाटलं, आई दचकेल. पण तिने मान डोलावली. "पद्धत बरोबर आहे. पण नुसत्या तोंडच्या धमकीने देव ऐकतात होय? त्यांना पाण्यात ठेवायला लागतं. तिला सांग."

"आई, राहू दे."

"सांग म्हणते ना."

मी सांगितलं. आमच्याकडे फार मोठी अडचण आली की देव देवघरातून उचलून पाण्यात ठेवतात आणि काम होईपर्यंत बाहेर काढत नाहीत. चष्म्याच्या दुकानदाराने झग्याची टोपी डोक्यावरून मागे सारली. लोरेदाना आईपुढे गुडघ्यांवर बसली.

"हे ज्ञान आमच्याकडून हरवलं," ती म्हणाली. "विचार, पात्र कोणतं लागतं?"

"कुठलंही. देव बुडाला पाहिजे," आई म्हणाली. "पण ही प्लास्टरची. विरघळेल की गं?"

"लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास," मी म्हणाले. "फार तर नाकाचा शेंडा जाईल."

देवी बुडेल एवढं भांडं त्या परिसरात एकच होतं. ते म्हणजे टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या उकळायचा अस्सुंताचा हंडा. तो अंगणात घासूनपुसून ठेवला होता, कारण टोमॅटो उतरवून झाले होते आणि वर्षाचा रस भरायचा होता. अस्सुंता नको म्हणेल, असं मला वाटत होतं. पण आईने हंड्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि अस्सुंताने खांदे उडवून "घे" म्हटलं. आईला ती कशालाच नाही म्हणत नसे. दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही, पण रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून शेंगा सोलत आणि आपापल्या भाषेत बोलत. अस्सुंता हिंगाला 'सैतानाचा घाम' म्हणायची आणि स्वतःच्या पानात मागून घ्यायची.

अरादिया हंड्यात गेली. तेवढ्यात आई वर जाऊन आपले देव घेऊन आली. प्रवासात बरोबर आणलेला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. दोघांनाही तिने पाण्यात सोडलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.

"तू कशाला?" मी विचारलं.

"ती बिचारी एकटीच बसणार का पाण्यात?"

लोरेदानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर हंड्यात चौथ्या कोणाचे तरी पाय दिसत होते. संत आंतोनियो, डोकं खाली.

"हे कोणी ठेवले?"

"मी," अस्सुंता कॉफी ओतत म्हणाली. "आमच्याकडेही करतात. माझ्या आजीने नवऱ्यासाठी त्यांना विहिरीत सोडलं होतं. पण आम्ही उलटं सोडतो. सुलटं ठेवलं तर त्यांना वाटतं, आंघोळ आहे."

"पण तुम्ही काय मागितलंत?"

"झाड पाडा म्हणून. सावलीने माझे टोमॅटो उशिरा पिकतात, आणि त्याच्याखाली कोण कोण जमतं ते तू पाहिलंसच."

मी आईला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. "एकाच हंड्यात? एकीचं ठेवा आणि एकीचं पाडा?"

"हो."

"म्हणजे एक जण कायमचा पाण्यातच."

"तसं दिसतंय."

"मग टोमॅटोच्या बाटल्या कशात उकळायच्या?"

टोमॅटोंच्या पेट्या ओसरीवर भिंतीला लागून रचलेल्या होत्या आणि तळच्यांना आंबूस वास यायला लागला होता.

तो आठवडा मला नीट आठवतो. मी झाडावर लाकडी हातोडीने ठोकत होते, बारीक गिरमिटाने भोकं पाडून लाकडाचे नमुने काढत होते, आणि माझ्यामागे कोणी ना कोणी उभं असे. लोरेदाना दवाखाना बंद ठेवून आली होती. तिला खात्री होती की निकाल हंड्यात ठरतोय आणि मी तो फक्त वाचणार आहे. नगराध्यक्ष येऊन हंड्यात वाकून पाहायचे आणि निघून जायचे. पाद्रीही आले. संत उलटे पाहून त्यांनी अस्सुंताला काही विचारलं नाही, पण अरादियाकडे बोट करून मला विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "पाहुण्या आहेत." ते म्हणाले, "दात सुंदर आहेत."

आई तेवढी झाडाबद्दल एक अक्षर विचारत नव्हती. बॅग भरायलाही घेत नव्हती. मी वजनकाटा आणून ठेवला, तर तिने त्यावर अस्सुंताचे भोपळे तोलले.

बुधवारी माझं काम संपलं. बुंधा आतून पोकळ होता, बस थांबते त्या बाजूला जेमतेम तळहाताएवढ्या जाडीचं जिवंत लाकूड उरलं होतं. वाऱ्याच्या एका झोतात ते झाड मुलांवर येऊ शकलं असतं. मी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की झाड पाडायला हवं.

अस्सुंताने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बाही सारून संतांचे पाय धरले. लोरेदाना पायरीवर मटकन बसली.

"पण वरच्या फांद्या निरोगी आहेत," मी पुढे म्हणाले. "त्यांच्यावरचे कोंबांचे डोळे काढून नव्या रोपांवर भरता येतील. तेच झाड होईल. त्याच्यासारखं नव्हे, तेच. सात जणांना सात देते."

लोरेदानाने मान वर केली. "तेच झाड?"

"तेच."

"पाडलेलं आणि वाचलेलं?"

"तसं म्हणा हवं तर."

ती हंड्याकडे धावली. अरादिया आणि आंतोनियो एकाच वेळी बाहेर आले आणि एकाच टॉवेलने पुसले गेले. देवीच्या नाकाचा शेंडा गुळगुळीत झाला होता. आईने ओटीच्या खणात दहीभाताची पुरचुंडी बांधून देवीबरोबर दिली. लोरेदानाने आईचे हात कपाळाला लावले आणि देवीला गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला.

गाडी गेली. अस्सुंताने काटक्या आणल्या, टोमॅटोची पहिली पेटी ओढली. मग आम्ही तिघी हंड्याशी उभ्या राहिलो. तळाशी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा.

"काढ ना आता," मी म्हणाले.

"माझं काम झालेलं नाही," आई म्हणाली.

"झाडाचं झालं की."

"माझ्या देवांचा झाडाशी काय संबंध?"

"मग काय मागितलंस?"

आई वर निघून गेली. मी मागोमाग गेले. ती पलंगावर बसली होती. रिकामी बॅग समोर उघडी होती.

"परवा विमान आहे, आई."

"माहीत आहे."

"श्रीरंगने सगळ्यांना बोलावलंय. बाबांचं वर्षश्राद्ध आहे."

"माझ्या नवऱ्याचं आहे, मला सांगतेस?" मग तिचा आवाज उतरला. "मला जावंसं वाटत नाही, हेमा. अजिबात वाटत नाही. या माणसाचं श्राद्ध, आणि मी इथे शेंगा सोलत हसतेय. त्या घरात बेचाळीस वर्षं पाच वाजता उठले त्यांच्या चहाला. ते गेले, तरी पाचलाच जाग यायची आणि दूध तापवून मी बसून राहायचे. इथे मला साडेसातपर्यंत झोप लागते. हे बरं दिसतं का?"

मी तिच्या शेजारी बसले.

"म्हणून देवाला म्हटलं, मला घरी जावंसं वाटू दे. बाकी काही नाही. मनातून वाटल्याशिवाय त्या पानासमोर उभी राहणार नाही मी. आणि वाटलं नाही तर देव पाण्यातून काढता येत नाहीत, आणि देव सोडून मी जाणार नाही."

मी मनातल्या मनात तिचा हिशोब पुन्हा एकदा तपासून पाहिला. तिच्या बोलण्यात कुठेच चूक नव्हती.

"तिकीट पुढे ढकलू?"

"श्राद्ध पुढे ढकलता येतं का?"

मी खाली आले. अस्सुंता हंड्याशी तशीच उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने वाकून पाण्यातल्या देवांकडे पाहिलं.

"माणसाला आपलं घर कधी आठवतं?" ती म्हणाली.

"कधी?"

"दुसऱ्याचं नकोसं झालं की." तिने पदरासारखा ॲप्रन तोंडावरून फिरवला. "उद्या सकाळी. पोरी, मी ओरडेन. तू तिला फक्त वाईट वाईट सांग."

"मी? काय सांगू?"

"शिकलेली आहेस ना? सुचेल."

गुरुवारी सकाळी आई चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि अस्सुंताने हातातला वाढायचा डाव टेबलावर आपटला. कप उडाले. तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

"सांग तिला!" ती गरजली. "माझा नवरा गेल्यापासून या स्वयंपाकघरात दुसऱ्या बाईचा आवाज नव्हता! सांग!"

"काय झालं हिला?" आईने विचारलं.

"म्हणतेय..." मी घसा साफ केला. "तुझ्या हिंगाने तिच्या पडद्यांना वास मारतो."

आईच्या भुवया वर गेल्या. "हिंगाने? मागून खाते ती!"

"ती गेली की मी भिंतीशी बोलणार!" अस्सुंताने दुसऱ्यांदा डाव आपटला. "असे शेंगा सोलणारे हात अख्ख्या गावात नाहीत!"

"तुला शेंगासुद्धा सोलता येत नाहीत म्हणतेय. अर्ध्या दाण्यांना साल राहते."

आई उठून उभी राहिली. तिने अस्सुंताकडे पाहिलं. अस्सुंताच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि डाव अजून हवेतच होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, मी लहानपणी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायचे तेव्हा पाहायची तसं. माझे कान तापले.

आईने पदर कमरेला खोचला.

"मग तिलाही सांग!" तिचा आवाज मी फक्त दूधवाल्यावर चढलेला ऐकला होता. "वर्षभरात ज्याने त्याने मला विचारलं, आता तुमचं कसं होणार! या बाईने एकदाही विचारलं नाही! वांगी वाढली पानात! सांग तिला! असं कोण करतं? असं कोणी करतं का?"

"काय म्हणतेय?" अस्सुंता ओरडली.

"तुमची वांगी तेलकट असतात," मी म्हणाले.

"बास्ता!" अस्सुंताने हातातलं फडकं जमिनीवर फेकलं.

"मला घरी जायचंय!" आई गरजली. "आत्ताच्या आत्ता! काढ ते देव बाहेर!"

अस्सुंताला हे मी सांगायची गरज पडली नाही. तीच पुढे झाली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा काढून आईच्या ओंजळीत ठेवले आणि लगेच पाठ फिरवली. आईने पदराने त्यांना पुसलं.

"खरंच जावंसं वाटतंय?" मी हळूच विचारलं.

"एवढा अपमान झाल्यावर कोण राहील?" आई म्हणाली. देव छातीशी धरून ती वर गेली आणि मला वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

अस्सुंताने हंड्याखाली जाळ केला. थोड्या वेळाने आई खाली उतरली, फणकाऱ्याने एक स्टूल ओढून तिच्यासमोर बसली आणि सुरीने टोमॅटो चिरायला लागली. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, आणि तोवर भांडण मिटवून चालणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या दोघी कोपरापर्यंत लाल हातांनी बाटल्या भरत होत्या. जरा कुठे शांतता झाली की एक जण दुसरीवर डोळे वटारून ओरडायची, दुसरी "काय म्हणतेय?" विचारायची, आणि मी, तोंडाला येईल ते, काहीतरी वाईट सांगायचे.